फिट अपस्माराची की साखरेची? दोन्ही आजार असलेल्या कुत्र्यासाठी घरापासून दवाखान्यापर्यंतची तपासणी

बुंदीला तिसऱ्या वर्षी फिट यायला लागल्या आणि आठव्या वर्षी डायबेटिस निघाला. (नाव आधीच ठेवलेलं होतं. केसपेपर काढताना कोणी ना कोणी हसतंच.) १६ किलोची गावठी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. आता ती ११ वर्षांची आहे. डायबेटिस निघाल्यावर पहिल्या चार महिन्यांत आम्ही एकच चूक तीनदा केली. पुढे ओळखीतल्या चार-पाच घरांत तीच चूक हुबेहूब पाहिली आणि निस्तरायलाही मदत केली, म्हणून हे लिहितेय.

चूक अशी. कुत्र्याला फिट येते. घरात सगळ्यांना वाटतं, अपस्मार बळावला. फेनोबार्बिटोनची, म्हणजे फिट आवरणाऱ्या औषधाची, गोळी वाढते. ही गोळी वाढली की कुत्रं पाणी जास्त पितं, शू जास्त करतं, सारखं खायला मागतं. गोळीचा तो ठरलेला परिणाम आहे. पण डायबेटिस हाताबाहेर गेल्याची लक्षणंही नेमकी हीच. मग वाटतं शुगर वाढली, म्हणून इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त झालं की शुगर खाली जाते, आणि फार खाली गेली की फिट येते. पुन्हा गोळी वाढते. घाण्याचा बैल नुसता.

यातून बाहेर पडायला आम्हाला एकच नियम उपयोगी पडला: फिट आली तर गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस बदलण्याआधी त्या वेळची शुगर किती होती ते कळलंच पाहिजे. ते कळत नसेल तर कोणताच डोस हलवायचा नाही. खालच्या सगळ्या तपासण्या त्यासाठीच आहेत.

आत्ता फिट चालू असेल तर

बाकीचं नंतर वाचा. घड्याळ बघा, किती वाजले ते मोठ्याने म्हणा, म्हणजे घरातलं कोणीतरी लक्षात ठेवेल. आजूबाजूच्या खुर्च्या हलवा, जिन्याजवळ असेल तर अंगाखाली चादर सरकवून ओढून घ्या. तोंडात हात, चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नका. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, तुमचं बोट मात्र नक्की तुटेल. दिवे आणि टीव्ही बंद करा.

डायबेटिसच्या कुत्र्याची शुगर लगेच मोजता येत नसेल तर ती कमी आहे असंच धरा. बोटावर मध किंवा घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर घ्या आणि ओठ उचलून बाहेरच्या बाजूने हिरड्यांवर चोळा. दातांच्या मध्ये बोट न्यायचं नाही, जबडा आवळत असेल तर थांबायचं. पातळ काहीही तोंडात ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मध नसेल तर साखरेचा पाक, काकवी, जे हाताशी असेल ते. शुगर आधीच जास्त होती आणि तुम्ही मध लावलात, तर एक दिवस आकडा वर जाईल, एवढंच. ती कमी होती आणि तुम्ही काही केलं नाहीत, तर मेंदूला इजा होते. दोन्हींतली कुठली चूक परवडते ते उघड आहे.

फिट ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा २४ तासांत दुसरी आली, तर घरचे प्रयोग बंद आणि थेट दवाखाना. डॉक्टरांनी आधीच नाकात किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध लिहून दिलं असेल तर ते देऊन निघायचं. लांबलेल्या फिटमध्ये अंग तापतं, म्हणून रिक्षात ओला टॉवेल आणि वारा. बर्फ नको.

लक्षणं: कोणती कुठे बोट दाखवतात

शुगर उतरल्यावर फिटच्या आधी बहुतेकदा काहीतरी दिसतं. मागचे पाय लटपटतात, नजर हरवते, हाक मारली तर मान वळते पण ओळख दिसत नाही. अंग बारीक थरथरतं. काही कुत्री अचानक खाण्यासाठी वेडी होतात. बुंदी भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची आणि आम्ही म्हणायचो, "बघ, रुसली."

अपस्माराची फिट अनेकदा निवांत असताना किंवा झोपेतून येते. आमच्याकडे पहाटे चार-साडेचारला. पाय ताणले जातात, मग पोहल्यासारखे हलतात, लाळ येते, शू होते. एक-दीड मिनिटात थांबते. त्यानंतर अर्धा तास ते काही तास कुत्रं घरभर फिरतं, भिंतींवर आदळतं, तात्पुरतं आंधळं झाल्यासारखं वागतं आणि भुकेने कासावीस होतं.

सारखं पाणी, सारखी शू, वजन उतरणं ही शुगर जास्त राहत असल्याची खूण. पाणी आणि शू वाढलीय पण वजन टिकून आहे किंवा वाढतंय, तर संशय गोळीवर. आमच्या घरी डायबेटिस पहिल्यांदा ओळखला तो मुंग्यांनी. अंगणात बुंदी जिथे बसायची तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागायला लागली आणि सासूबाई म्हणाल्या, "हिच्या लघवीत साखर जातेय." मी दोन आठवडे गोळीलाच दोष देत बसले होते. (१८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याच्या लघवीत साखर सापडली आणि या आजाराचं मूळ कळलं. आज माणसं जे इन्सुलिन टोचून घेतात त्याची वाट कुत्र्यांवरूनच गेलीय. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मुंग्यांना आधीपासून माहीत होतं.")

आणि एक वेगळंच चित्र: खाणं बंद, उलट्या, मलूल, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. ही फिटपेक्षा वाईट गोष्ट आहे. तिच्याबद्दल शेवटी.

फुकटची तपासणी: घड्याळ आणि वही

आमच्याकडे एनपीएच, म्हणजे मध्यम मुदतीचं दुधाळ इन्सुलिन चालतं. साधारण टोचल्यानंतर तिसऱ्या ते आठव्या तासात त्याचा जोर असतो. सकाळी आठला टोचलं तर अकरा ते चार. फिट याच वेळात येत असेल तर आधी शुगरवर संशय घ्यायचा. इन्सुलिनची वेळ व्हायला तासभर बाकी असताना किंवा पहाटे झोपेत येत असेल तर अपस्मारावर. हा नियम शंभर टक्के नाही, पण फुकट आहे आणि दिशा दाखवतो.

वहीत पाच गोष्टी: इन्सुलिन किती वाजता आणि किती युनिट, गोळी किती वाजता, किती खाल्लं (पूर्ण, अर्धं, नाही), फिट किती वाजता आणि किती मिनिटं, फिटच्या आधी-नंतर काय दिसलं. जमलं तर मोबाइलवर चित्रण. डॉक्टरांना "खूप वेळ फिट होती" याचा काही उपयोग नाही. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. आम्ही सात मिनिटं सांगितलेली फिट चित्रणात एक मिनिट वीस सेकंदांची निघाली.

घरातल्या माणसांची चौकशी

ही तपासणी अवघड नाही, पण नाजूक आहे. तीन प्रश्न. आज इन्सुलिन कोणी दिलं? आणखी कोणी दिलं का? आणि कुत्र्याला बाहेरचं कोणी काय खायला घातलं?

आमची तिसरी चूक इथे सापडली. मी सकाळी टोचून बाजारात गेले, नवऱ्याला वाटलं राहिलंय, त्यानेही टोचलं. तेव्हापासून फ्रिजवर कॅलेंडर आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे, टोचणाऱ्याने आधी खूण करायची आणि मग बाटली काढायची. खूण नसेल पण शंका असेल तर इन्सुलिन द्यायचं नाही. एक डोस चुकला तर कुत्र्याला काही होत नाही, दोनदा पडला तर होतं.

गोळीचं नेमकं उलट आहे. फेनोबार्बिटोन चुकवायचं नाही, आणि मनाने एकदम बंद तर कधीच करायचं नाही, कारण अचानक बंद केल्यानेच मोठ्या फिट येतात. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि गावच्या मेडिकलमध्ये अधूनमधून संपलेली असते. पंधरा दिवसांची उरली की नवी आणून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर आजोबा लोक आणि बिस्किट, यापुढे कोणाचं चालत नाही. आमच्या सोसायटीतले एक काका रोज संध्याकाळी बुंदीला दोन ग्लुकोजची बिस्किटं द्यायचे आणि "एवढ्याने काय होतंय" म्हणायचे. एवढ्याने शुगर वर जाते, वहीत ती विनाकारण वर दिसते, आणि कोणीतरी इन्सुलिन वाढवतं. मग काका गावाला जातात, बिस्किटं बंद होतात, आणि वाढवलेलं इन्सुलिन तसंच राहतं. फिट. आमची दुसरी चूक ती.

घरात शुगर-फ्री च्युइंगगम, गोळ्या, बिनसाखरेचं पीनट बटर असेल तर त्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. माणसाला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात त्याने एकदम इन्सुलिन सुटतं, शुगर कोसळते, यकृतही जाऊ शकतं. माणसाला डायबेटिस असलेल्या घरात कुत्र्यालाही डायबेटिस असला की हे पदार्थ हमखास हाताशी असतात. असं काही खाल्लं असेल तर वाट बघायची नाही, दवाखाना.

पाणी मोजा

एका बाटलीवर खुणा करा, २४ तास फक्त त्याच बाटलीने भांडं भरा, उरलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे १०० मिली याच्या वर गेलं तर ते जास्त. १६ किलोच्या बुंदीला १६०० मिली. "खूप पितेय" हे मत झालं, १९०० मिली ही माहिती झाली. उन्हाळ्यात आणि नुसतं कोरडं खाद्य असताना आकडा थोडा वर असतो, तेवढं लक्षात घ्या.

सिरिंजचं टोपण

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक याकडे बघतच नाहीत.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. बाटली एकीची आणि सिरिंज दुसरीची झाली की हिशेब अडीच पटीने चुकतो. ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज घेऊन ८ च्या रेघेपर्यंत भरलंत तर कुत्र्याला मिळतात ३.२ युनिट. शुगर खाली येतच नाही, डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलट १०० ची बाटली आणि लाल सिरिंज घेऊन ८ ची रेघ, तर मिळतात २० युनिट. तो जिवावरचा खेळ आहे.

हे कधी घडतं? "लाल संपल्यात, ह्या घ्या, सेम आहेत" असं मेडिकलवाला म्हणतो तेव्हा. कोणी पेनमधल्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढतं तेव्हा, कारण पेनमधलं इन्सुलिन साधारणपणे १०० चं असतं. एका ओळखीच्या घरी लॅब्राडॉरची शुगर दीड महिना चारशेच्या खाली येत नव्हती. आम्ही बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून बघितलं, आणि दोन मिनिटांत खेळ संपला. पण तिथे एक धोका आहे, ऐका. सिरिंज बरोबर केली की जुना वाढवलेला रेघेचा आकडा तसाच चालवायचा नाही, नाहीतर अडीच पट पडेल. सिरिंज बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन.

बाटलीवरचं नावही वाचा. चिठ्ठीत साधं एनपीएच असतं आणि हातात ३०/७० चं मिश्रण येतं. दोन्ही दुधाळ, दोन्हींची खोकी सारखी दिसतात. मिश्रणातला ३० टक्के भाग लवकर काम करतो, त्यामुळे शुगर भलत्याच वेळी उतरते.

बाटली आणि टोचणं

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरला चिकटलेली नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नसतं, आणि नुसतं बघून ते ओळखू येईलच असं नाही. दारातही नको, तिथे दिवसभर उघडझाप असते. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहा. महिनाभराने तळाला उरलेलं टाकून द्यायला जीवावर येतं, मलाही येतं, पण टाका. एप्रिल-मेमध्ये प्रवासात बाटली गाडीत सोडून जेवायला उतरू नका.

एनपीएच खाली बसतं. टोचण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवायची, सगळं एकसारखं दुधाळ होईपर्यंत. जोरात हलवलं तर फेस होतो आणि सिरिंजमध्ये बुडबुडे येतात. सहा-सात युनिटच्या डोसात एक बुडबुडाही बराच मोठा असतो. गुठळ्या दिसल्या तर बाटली बाद. (कुत्र्यांसाठीच्या काही इन्सुलिनची पद्धत वेगळी असते, ते हलवायलाच सांगतात. खोक्यातला कागद वाचा.)

टोचताना मानेवरच रोज नको, तिथे कातडी जाड होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. बरगड्यांच्या मागे, दोन्ही कुशींवर, जागा बदलत. दाट केसांच्या कुत्र्यात सुई कातडीच्या आरपार जाते आणि औषध केसांत सांडतं. बोटाला ओलं लागतं, इन्सुलिनचा औषधी वास येतो. असं झालं तर पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते कोणालाच माहीत नसतं. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

आधी खाणं, मग सुई. दोन वेळा, बारा-बारा तासांनी, रोज तेच आणि तेवढंच अन्न. खाल्लं नाही तर पूर्ण डोस टोचायचा नाही. अर्धा द्यायचा की वगळायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रात्री साडेआठला विचारत बसायला नको.

इथून थोडा खर्च: मीटर

माणसांचा साधा ग्लुकोमीटर चालतो. कानाच्या कडेला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला टोचून थेंब घ्यायचा. कान आधी तळव्यात धरून गरम केला तर थेंब लगेच येतो. बुंदीला तिसऱ्या दिवशी सवय झाली, कारण टोचल्यावर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा मिळतो. कान पुढे करूनच बसते.

एक लक्षात ठेवा. माणसांचे मीटर कुत्र्यांच्या रक्तात बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. प्राण्यांसाठी वेगळे मीटर मिळतात, ते महाग आहेत. साधा वापरत असाल तर तोच एक वापरा, दर आठवड्याला बदलू नका, आणि दवाखान्यात रक्त काढतील त्याच वेळी आपल्या मीटरवरही मोजून फरक लिहून ठेवा.

६० च्या खाली म्हणजे कमी, लक्षणं असोत वा नसोत. लटपटतंय आणि आकडा ७५ आहे, तरी आधी खायला घाला, मग विचार करा. मध लावून कुत्रं सावरलं की थोडं नेहमीचं अन्न द्या, दर १५-२० मिनिटांनी मोजत राहा. मधाचा जोर लवकर ओसरतो, टोचलेलं इन्सुलिन मात्र अजून काही तास काम करत असतं. सावरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आता ऑपरेशनचं, म्हणजे आमच्या पहिल्या चुकीचं. डायबेटिस निघाला तेव्हा बुंदी माजावर येऊन दीड महिना झाला होता. माजानंतर सुमारे दोन महिने मादीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढं असतं. त्यामुळे तिच्या स्तनग्रंथींतून ग्रोथ हार्मोन सुटतं आणि ते इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. म्हणून तिचा डोस वाढत वाढत ९ युनिटवर गेला होता. डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय काढायला सांगितलं, ते बरोबरच होतं. ऑपरेशननंतर हा अडथळा उतरायला लागतो आणि तोच डोस जास्त व्हायला लागतो. आम्हाला मोजत राहायला सांगितलं होतं. आम्ही टाके सांभाळत बसलो. बाराव्या दिवशी दुपारी एकला फिट आली, सगळ्यांच्या तोंडी अपस्मार, गोळी वाढवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुपारीच. तेव्हा कुठे मीटर लावला: ४१. आज ती ५ युनिटवर आहे. हे आकडे बुंदीचे आहेत, तुमच्या कुत्र्यासाठी नाहीत.

मादी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल, आणि दर माजानंतर शुगर बिघडत असेल, तर बाकी काही शोधण्याआधी डॉक्टरांशी हे बोला. ऑपरेशननंतरचे तीन-चार आठवडे मात्र मीटर हाताशी ठेवा.

लघवीची पट्टी

साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) दोन्ही दाखवणारी पट्टी घ्या. सकाळची पहिली शू उथळ वाटीत पकडायची. (ताठ मानेने जा, शेजारी बघणारच.) कुत्र्याच्या रक्तातली शुगर साधारण १८० ते २२० च्या वर गेली की लघवीत उतरते. पाणी खूप पितेय आणि पट्टीत साखर भरपूर, तर कारण शुगर. पाणी खूप पितेय आणि पट्टी कोरी, तर तहान गोळीची असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे इन्सुलिन वाढवणं म्हणजे त्याच घाण्याला पुन्हा बैल जुंपणं.

पट्टी रोजच कोरी येणं ही आनंदाची बातमी नाही. इन्सुलिन जास्त होत असल्याचंही ते लक्षण असतं. लघवीच्या पट्टीवरून इन्सुलिनचा डोस ठरवायचा नसतो, दिशा बघायची असते.

दुसरी औषधं

खाजेसाठी दिलेलं इंजेक्शन, कानातले थेंब, मलम: यात स्टेरॉइड आहे का विचारा. स्टेरॉइडने इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, शुगर चढते. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना कुत्र्याला डायबेटिस आहे हे माहीत नसतं, कारण आपण सांगितलेलं नसतं.

पावसाळ्यात गोचिडांसाठी ज्या चघळायच्या गोळ्या देतात त्यांतला आयसोक्साझोलिन गट (फ्लुरालनर, अफोक्सोलनर, सारोलनर) फिट येणाऱ्या कुत्र्यांत जपून वापरावा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये दिला. बहुतेक कुत्र्यांना त्या सोसतात. पण गोळी दिल्याची तारीख आणि फिटची तारीख वहीत शेजारी दिसली तर डॉक्टरांना दाखवा. गोचीड तापही आपल्याकडे घरोघरी आहे, तेव्हा गोचिडांना मोकळं रान देणं हा पर्याय नाही. पर्याय कोणता ते त्यांना विचारा.

माणसांची सिरपं देताना लेबल वाचा. गाबापेन्टिनच्या (दुखण्यावर आणि फिटवर देतात) काही सिरपांत झायलिटॉल असतं. आणि कुत्रं पोटॅशियम ब्रोमाइडवर (फिटचंच दुसरं औषध) असेल तर खाण्यातलं मीठ अचानक वाढवू नका. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीतून जास्त निघून जातं आणि फिट परततात. वेफर, फरसाण, खारे शेंगदाणे, दिवाळीत सगळंच.

डॉक्टरांच्या हातातलं

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी त्रास चालूच आहे, तर आता पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. याच्या आधी नाही. लोक पहिल्याच फिटनंतर एमआरआयचा भाव विचारतात आणि नारिंगी टोपणाची सिरिंज खिशात असते.

पहिला शुगर कर्व्ह: बारा तास, दर दोन तासांनी मोजणी. घरी झाला तर उत्तम, दवाखान्यात भीतीनेच शुगर चढते आणि कुत्रं खातही नाही. दिवसातला सर्वांत खालचा आकडा साधारण ८० ते १५० मध्ये हवा. त्याहून खाली जाऊन पुन्हा उसळत असेल, तर सकाळचा चढा आकडा बघून डोस वाढवणं ही घोडचूक. अंगावर चिकटवायचा माणसांचा सेन्सरही डॉक्टर कुत्र्यांना लावतात, केस काढून. त्यात रात्रीचं दिसतं, जे एरवी कधीच दिसत नाही. फार खालचा आकडा दाखवला तर मात्र एक थेंब घेऊन खात्री करा.

दुसरी, रक्तातली फेनोबार्बिटोनची पातळी. डोस बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ती स्थिरावते, त्याआधी तपासून उपयोग नाही. सर्वसाधारण मर्यादा १५ ते ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली. माणसांच्या लॅबमध्येही ही तपासणी होते. आम्ही मिरजेला नमुना पाठवतो. नमुना जेल नसलेल्या साध्या लाल नळीत घ्यायला सांगा, जेलमध्ये औषध शोषलं जाऊन आकडा कमी येतो. पातळी पुरेशी आहे आणि फिटच्या वेळची शुगरही ठीक होती, तर तेव्हा म्हणायचं की अपस्मार खरोखर वाढलाय.

फ्रुक्टोसामिन या रक्ततपासणीतून दोन-तीन आठवड्यांची सरासरी शुगर कळते. लघवीचं कल्चर विसरू नका. साखरेच्या लघवीत जंतू मजेत वाढतात आणि कुठलाही संसर्ग, किडका दातसुद्धा, शुगर चढवून ठेवतो. यकृताच्या तपासणीत एएलपी हे एन्झाइम वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका, फेनोबार्बिटोनने ते वाढतंच. पण रिपोर्ट वाचणाऱ्याला गोळीचं नाव सांगा.

गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जाताना वही, बाटली, सिरिंज, गोळीचं पाकीट आणि मोबाइलमधलं चित्रण न्या.

इथे थांबा, फोन उचला

- फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त, किंवा २४ तासांत दोन.
- मध लावून १०-१५ मिनिटांत सुधारणा नाही, किंवा शुगर पुन्हा पुन्हा ६० खाली.
- शुगर नीट झाली तरी फिट थांबत नाही. मेंदू बराच वेळ उपाशी राहिला की असं होतं.
- उलट्या, खाणं बंद, पट्टीवर कीटोन. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात आणि सलाइनशिवाय ते घरी उलटत नाही. रात्र असली तरी थांबायचं नाही.
- चुकून दोनदा इन्सुलिन, किंवा चुकीच्या सिरिंजने जास्त. कुत्रं ठणठणीत दिसत असलं तरी.
- एक-दोन दिवसांत डोळे दुधाळ झाले. डायबेटिसच्या कुत्र्यांत मोतीबिंदू सर्रास होतो, पण तो वेगाने आला तर डोळ्याला आतून सूज येते आणि तिला उपचार लागतो.

बुंदीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आम्ही घरातला एकही टेबल हलवत नाही, पाण्याचं भांडं तिथल्या तिथे. शेवटची फिट गेल्या मार्गशीर्षात, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, एक मिनिट पाच सेकंद. शुगर १८७ होती. गोळीची पातळी तपासली, ती कमी निघाली, डॉक्टरांनी गोळी वाढवली. इन्सुलिनला हात लावला नाही. आठवड्याने पाणी वाढलं, १७५० मिली. सासूबाईंनी बाटलीची खूण बघितली, मग अंगणात जाऊन मुंग्या आहेत का ते बघून आल्या. नव्हत्या.